खांद्याची खूण

ज्याने पृथ्वी वाटोळी घडवली, चंद्र वाटोळा घडवला, पाण्याचा थेंब आणि डोळ्यातले बुबुळ वाटोळे घडवले, आणि तरीही माणसाला असा एक चेंडू सुचू दिला की जो वाटोळा नाही, दोन्ही टोकांना निमुळता आहे, जमिनीवर आपटला की कुणाच्या बाजूला उसळेल हे फेकणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि झेलणाऱ्यालाही नाही, त्या लीलाधराला प्रथम वंदन असो. पळणाऱ्यांना तोच पाय देतो, पडणाऱ्यांना तोच मऊ गवत देतो, आणि आपल्याला सारे समजते असे म्हणणाऱ्यांना तो एखादा शुक्रवार देतो. त्याची आठवण मनात ठेवून आता एका अशाच समजूतदार माणसाचे नाव घ्यावे. त्याचे नाव आल्विन ह्राबिक.

नेब्रास्कातले लिपनिक गाव लहान. एका टोकाला चर्चचा मनोरा, दुसऱ्या टोकाला धान्यकोठाराचा मनोरा, आणि दोहोंच्या मधोमध आल्विनचे केस कापण्याचे दुकान. चर्चमध्ये गावाचे आत्मे राखले जात, कोठारात मका राखला जाई, आणि आल्विनच्या खुर्चीत गावाची मते राखली जात. म्हणजे आल्विनची मते गावात राखली जात. कारण गळ्याशी वस्तरा असताना वाद घालणारा माणूस लिपनिकमध्ये अजून जन्मला नव्हता. सोमवार ते गुरुवार तो हजामती करी. शनिवारी चर्चची फरशी पुसायला बायकोला मदत करी. रविवारी पहाटे घंटा वाजवी, पहिल्या बाकावर बसे आणि पाऊस, मका, गुडघे, जावई, सगळ्याबद्दल देवाचे आभार मानी. आणि शुक्रवारी? शुक्रवारी संध्याकाळी तो गावच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या बचावाचा प्रशिक्षक असे, आणि त्या संध्याकाळपुरती देवाला सुट्टी असे.

हा करार आल्विनने एकट्यानेच केला होता. दुसऱ्या पक्षाची सही त्यावर नव्हती.

त्याचे म्हणणे साधे होते. हा खेळ पहाऱ्याचा आहे. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, त्याच्या साथीदाराकडे चेंडू फेकणार. आपण मैदान असे वाटून राखायचे की त्याला फेकायला जागाच उरू नये. आणि त्याने फेकलाच, तर आपला माणूस आधीच तिथे उभा असला पाहिजे. त्याची फेक आपण मधल्यामध्ये झेलली, त्याला इंटरसेप्शन म्हणतात. लोक टाळ्या पिटतात, बँड वाजतो, आया रडतात. पण आल्विन म्हणे, तो झेल म्हणजे नुसती पावती; कष्ट आधी झालेले असतात, जागा धरून उभे राहण्यात. नशीब हा शब्द त्याच्या दुकानात निषिद्ध होता. कुणी चुकून उच्चारला तर आल्विन बोलत नसे. फक्त त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा गरम टॉवेल जरा जास्तच गरम लागे.

सामन्याआधी फादर वाव्रा मुलांना आशीर्वाद द्यायला येत, तेव्हा आल्विन टोपी काढून बाजूला उभा राही आणि हळूच सांगे, "फादर, घोट्यांना आशीर्वाद द्या. गुडघ्यांनाही द्या. पहाऱ्यात मात्र हात घालू नका. ते माझ्याकडे आहे."

"देवाला कळवतो," फादर म्हणत.

त्याची बायको रोझली स्वयंपाकघरातून हे सगळे वर्षानुवर्षे बघत आली होती. ती हसे, पण तोंडासमोर नाही. पीठ मळताना, पाठमोरी. खांदे हलत तेवढेच.

आल्विनचा एक नियम होता, आणि तो गावाला बायबलातल्या दहा आज्ञांच्या खालोखाल पाठ होता. ज्याने आपली जागा सोडली, तो पुढचा सामना बाकावर बसला. मग त्याच्या चुकीने सामना हरला असो की जिंकला असो. मुख्य प्रशिक्षक ड्वेन शिमेक स्वतः विद्यार्थी असताना या नियमाखाली बसला होता, आणि अजून ती गोष्ट निघाली की त्याचे कान लाल होत. उलट ज्याने जागा धरली, त्याच्या हेल्मेटवर आल्विन स्वतःच्या हाताने गव्हाच्या लोंबीचे चित्र चिकटवी. नुसता झेल घेतला म्हणून ती लोंबी कधी कुणाला मिळाली नाही.

अशा या सुव्यवस्थित राज्यात त्या ऑगस्टमध्ये कोल्बी टॅकेट आला.

कोल्बीचे घर मूळचे अर्कान्सासचे. बाप लायल रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या टोळीत, महिनोन्महिने घराबाहेर. गाव सगळे चेक वंशाचे आणि कॅथलिक. टॅकेट मंडळी बाप्टिस्ट, म्हणजे वेगळ्या पंथाची, आणि प्रार्थनेला शेजारच्या गावी जाणारी. मुलगा उंच, किडकिडीत आणि इतका नम्र की लिपनिकच्या पोरांना त्याची गंमतच वाटे. तो सगळ्यांना 'सर' म्हणे. आल्विनला सर, ड्वेनला सर. एकदा तर चर्चच्या अंगणातल्या संत वेन्सेस्लासच्या पुतळ्याला त्याचा धक्का लागला तेव्हा त्यालाही "माफ करा, सर" म्हणाला.

आल्विनने त्याला सेफ्टीच्या जागी उभे केले. सेफ्टी म्हणजे बचावाच्या सर्वांत मागचा पहारेकरी. त्याच्या पाठीमागे फक्त गवत आणि अब्रू. आणि आल्विनने त्याला खुणा शिकवल्या, कारण मैदानाच्या कडेवरून ओरडून काही ऐकू जात नाही. कोपराला हात लावला की 'दुहेरी छत': दोघा सेफ्टींनी मागचे मैदान अर्धे-अर्धे वाटून घ्यायचे आणि काही झाले तरी आपले अर्धे सोडायचे नाही. कानाला हात लावला की माणसामागे माणूस: प्रत्येकाने समोरच्या एकेकाच्या मागे धावायचे. आणि त्याच आठवड्यात, उन्हाळ्याच्या उत्साहात, आल्विनने आणखी एक खूण काढली होती. डाव्या खांद्याला हात. अर्थ असा, की आधीचे विसर, आपले अर्धे सोड आणि मधल्या रिकाम्या जागेत उतर. दुहेरी छताला एक भोक असते, दोघांच्या मध्ये. चतुर क्वार्टरबॅक तिथेच फेकतो. ते भोक बुजवायची ही युक्ती. पण त्यात धोका मोठा, कारण उतरणाऱ्याची पाठ उघडी पडते. आठवडाभरात आल्विनचे मन त्यातून उडाले. ती खूण त्याने पुन्हा केली नाही, रद्द झाली असेही कधी सांगितले नाही. लिपनिकची पोरे ती भूमितीइतक्याच सहजतेने विसरली. नव्या गावात जीव रुजवू पाहणारा कोल्बी मात्र रोज दात घासताना आरशासमोर सगळ्या खुणांची उजळणी करी. खांद्यासकट.

ऑक्टोबर उजाडला. हार्लन ग्रोव्हशी सामना आला. हार्लन ग्रोव्ह म्हणजे शेजारचे मोठे गाव. त्यांना सिनेमागृह होते, सरकता जिना असलेले दुकान होते, आणि लिपनिकला फुटबॉलमध्ये हरवण्याची जुनी सवय होती. त्या शुक्रवारी मात्र सामना संपत आला तरी लिपनिक पुढे होते, चार गुणांनी. हार्लन ग्रोव्हच्या हाती चेंडू, घड्याळात जेमतेम एका खेळीपुरता वेळ. एक लांब फेक साधली की सगळे गेले.

आल्विनने कोपराला हात लावला. दुहेरी छत. दोन्ही सेफ्टींनी मान डोलावली. मग आल्विनने काय केले असे त्याला विचारले असते, तर त्याने छातीवर हात ठेवून सांगितले असते: काही नाही. उभा होतो.

चेंडू सुटला. क्वार्टरबॅकने मागे पावले टाकली, मधल्या भोकाकडे नजर लावली आणि फेक केली. फेक त्याच्या गड्याच्या बोटांना लागून वर उडाली, खाली येताना लिपनिकच्या मार्विनच्या हेल्मेटवर टण्ण आपटली, पुन्हा उडाली आणि दवाने ओल्या गवतावर घसरून बसकण मारलेल्या कोल्बी टॅकेटच्या मांडीत येऊन पडली. जणू थकल्याभागल्या मांजराने ओळखीची मांडी शोधली. कोल्बीने चेंडू दोन्ही हातांनी कवटाळला, एवढेच त्याचे कर्तृत्व. घड्याळ संपले. बँड सुरू झाला. लिपनिकच्या आया रडल्या. गावाने त्या बाप्टिस्ट पोराला खांद्यावर घेतले, आणि गेले दोन महिने त्याच्याशी हवापाण्यापलीकडे न बोललेली माणसे त्याच्या आईला मिठ्या मारू लागली.

कडेला एकच माणूस आनंदात नव्हता. आल्विनने बघितले होते. कोल्बी तिथे असायलाच नको होता.

शनिवारी पहाटे रोझली कोलाच्यांचे, म्हणजे सारण भरलेल्या गोड चेक पावांचे, पीठ थापत होती. आल्विन कॉफीत चमचा फिरवत बसला होता. साखर केव्हाच विरघळली होती.

"जिंकलास ना रे बाबा," रोझली म्हणाली. "मग तोंड असं का केलंयस, दाढदुखी झाल्यासारखं?"

"पोराने जागा सोडली."

"आणि?"

"आणि काय? नियम आहे. पुढच्या शुक्रवारी बाकावर."

रोझलीचे हात थांबले. "पुढच्या शुक्रवारी त्याचा बाप येतोय, आल्विन. रेल्वेने एकदाची रजा दिलीय. पोराला खेळताना त्याने अजून एकदाही पाहिलेलं नाही. त्याची आई डोरीन काल मला सांगताना रडत होती."

"मी काय करू? चेंडू मांडीत पडला म्हणून चूक बरोबर होते का? त्याच्या मागे अख्खं मैदान मोकळं होतं. ते पोर कुणाच्या तरी... कुणाच्या तरी..."

"बोल की."

"नाही."

"कुणाच्या तरी कृपेने वाचलं, असंच ना?"

"नशिबाने!" आल्विन म्हणाला. आपल्याच घरात, आपल्याच तोंडून तो शब्द निघालेला ऐकून त्याने घाबरून कॉफीचा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

रोझली पाठमोरी झाली. खांदे हलू लागले.

लिपनिकची रीत अशी, की शुक्रवारचा सामना शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात पुन्हा खेळला जातो. फादर वाव्रा उंच मचाणावरून व्हिडिओ काढतात, कारण आनंदात उड्या न मारणारा गावात तो एकच. मग पोरे, आईबाप, प्रशिक्षक, सगळे घडीच्या खुर्च्यांवर बसतात. खसखशीचे कोलाचे फिरतात, टीव्ही लागतो, आणि आल्विन हातात झाडूचा दांडा घेऊन पडद्यावर कोण कुठे उभा होता ते दाखवतो. त्या दिवशी तळघरात उभे राहायलाही जागा नव्हती. कोल्बी मधल्या रांगेत आईशेजारी बसला होता, आणि जो तो जाता-येता त्याच्या पाठीवर थाप मारत होता. त्याच्या गालावर खसखस लागली होती. ती पुसायचेही त्याला सुचत नव्हते, इतका तो सुखात होता.

आल्विनला ते सुख दिसत होते. पण नियम तो नियम. फादरनी शेवटची खेळी लावली, आणि सभागृहाने पुन्हा एकदा जल्लोष केला.

"झालं?" आल्विन म्हणाला. "आता डोळे उघडा. फादर, टेप मागे घ्या. थांबा. इथे." त्याने दांडा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर टेकवला. "हा हार्लन ग्रोव्हचा सतरा नंबर. याच्याजवळ कोण आहे?"

आल्विनने दांडा पडद्यावर दोनदा टेकवला.

"कुणी नाही. एक चिमणी नाही. बघा, दोन्ही हात हलवतोय. गल्लीच्या टोकाशी गेलेल्या कुत्र्याला हाका माराव्यात तसा हलवतोय. त्या क्वार्टरबॅकने मान एवढीशी वळवली असती ना, तर आज आपण इथे कोलाचे नाही, बोलणी खात बसलो असतो. आणि ही जागा कुणाची होती?"

सगळ्यांना माहीत होते. माना हळूहळू मधल्या रांगेकडे वळल्या. पाठीवर थाप मारायला उचललेला एक हात हवेतच राहिला आणि मग आपल्याच डोक्यावरून फिरला.

"गड्याच्या बोटांतून उडाला," आल्विन पुढे म्हणाला, "मार्विनच्या टाळक्यावर आपटला..."

"टाळकं चांगलंय माझं," मार्विन म्हणाला.

"रिकामं आहे म्हणून आवाज आला. आणि मग ओल्या गवतावर बसलेल्या माणसाच्या मांडीत. याला पहारा म्हणत नाहीत. कोल्बी, उभा राहा. कोपराची खूण दिली होती मी. पाहिलीस?"

"हो, सर."

"अर्थ काय?"

"दुहेरी छत, सर. आपलं अर्धं सोडायचं नाही."

"मग खाली उतरायला कुणी सांगितलं तुला?"

कोल्बीने आईकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले. गालावरची खसखस पुसली. "तुम्ही, सर."

तळघरात हसू फुटले, आणि आल्विनचे तोंड पाहून जागच्या जागी विझले.

"मी?"

"खांदा, सर. डावा खांदा. आधीचं विसर, मध्ये उतर. ऑगस्टमध्ये शिकवलं होतं तुम्ही."

"खांद्याला हात लावला मी? ऑक्टोबर महिन्यात? ड्वेन, लावला का मी?"

ड्वेन शिमेक हा मुख्य प्रशिक्षक होता, पगार त्याला होता, पण आल्विनसमोर तो अजून बाकावर बसलेला पोरगाच होता. "मी... मी घड्याळ बघत होतो," तो म्हणाला.

"फादर, टेप मागे घ्या."

फादर वाव्रांनी टेप मागे घेतली. पडद्याच्या खालच्या कडेला, दिव्यांच्या उजेडात, छोटासा आल्विन ह्राबिक उभा होता. त्याने कोपराला हात लावला. मग चेंडू सुटायच्या आधी, त्या श्वास अडकलेल्या क्षणी, त्या छोट्याशा आल्विनने टोपी काढली. कपाळाला हात लावला. छातीला लावला. डाव्या खांद्याला लावला. उजव्या खांद्याला लावला. आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

खुर्च्या करकरल्या, सगळे पुढे वाकले.

"अरे देवा," मागून एक म्हातारी म्हणाली, "आल्विनने शुक्रवारी क्रुसाची खूण केली!"

मार्विन ताडकन उभा राहिला. "मग आम्हाला काय वाटलं, कोच! तुम्ही टोपी काढलीत आणि आम्ही बघणंच सोडलं. म्हटलं, म्हातारा प्रार्थना करतोय, करू द्यावी."

"आपल्यातल्या सगळ्यांना कळलं ते," दुसरा म्हणाला. मग सगळ्यांनी कोल्बीकडे बघितले, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी दिवा लागला.

"आमच्याकडे प्रार्थनेला हात लागत नाहीत, सर," कोल्बी अगदी अपराधी आवाजात म्हणाला. "आम्ही नुसते डोळे मिटतो. मला वाटलं... कपाळ आणि छाती चकवण्यासाठी, आणि खांदा खरा."

हसण्याचा लोंढा फुटला तो आवरेना. एका आजोबांच्या नाकातून कॉफी आली. आल्विन दांडा धरून उभाच. शुक्रवारी जे कधी करत नाही म्हणून आयुष्यभर सांगितले, ते अख्ख्या गावासमोर, खुद्द फादरच्या टीव्हीवर घडत होते, आणि फादर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा मागे घेऊन लावत होते. आता माणूस अशा वेळी काय करतो? आधी पळवाट शोधतो. आल्विननेही शोधली.

"माशी होती," तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात रोझली येऊन उभी राहिली होती, हात पुसत. "माशी?"

"हो. घोंघावत होती."

"आधी कपाळावर बसली."

"हो."

"मग छातीवर. मग एका खांद्यावर, मग दुसऱ्या. फारच धर्मनिष्ठ माशी म्हणायची, आल्विन. आणि टोपी काढलीस ती? तिला मान दिलास?"

आता तर फादर वाव्रांनीही चष्मा काढून डोळे टिपले. आल्विनचे कान लाल झाले, आणि ते बघून ड्वेन शिमेकला आपले बालपण पावन झाल्यासारखे वाटले.

पण हसण्याच्या त्या गदारोळात कोल्बी अजून उभाच होता. त्याने घसा साफ केला. "सर," तो म्हणाला, "चूक माझीच आहे. मला विचारायला हवं होतं. खांद्याची खूण किती दिवसांत झाली नव्हती. मी बसतो पुढच्या शुक्रवारी."

हळूहळू हसू ओसरले. डोरीन टॅकेटने मुलाचा शर्ट मागून धरला होता. येणाऱ्या शुक्रवारची वाट तिने कशी पाहिली होती हे रोझलीला माहीत होते, आणि आल्विनलाही. पोराने म्हाताऱ्याची अब्रू राखायला आपल्या बापाचा शुक्रवार पुढे केला होता.

आल्विनने झाडूचा दांडा भिंतीला टेकवला. तो घसरून पडला. कुणी उचलला नाही.

"फादर," तो म्हणाला, "ती टेप एकदा शेवटपर्यंत सावकाश लावा. नाही, मला सोडा, चेंडू बघू द्या."

आणि मग आल्विनने जन्मात केली नव्हती अशी फोड केली, हळू आवाजात, जणू एकट्या कोल्बीसाठी. "बघ. क्वार्टरबॅक मध्ये बघतो. भोक रिकामं आहे. हात मागे नेतो. आणि आता, इथे, तू त्याला दिसतोस. हात निघालाय, थांबवता येत नाही. म्हणून फेक वर जाते. वर गेली म्हणून त्याच्या गड्याच्या तळव्याऐवजी बोटांना लागते. तू तिथे नसतास तर ती फेक सरळ छातीत बसली असती. इथपर्यंत पहारा आहे, पोरा. चोख पहारा. खूण मिळाली, तू उतरलास."

"आणि पुढे, कोच?" ड्वेनने धीर करून विचारले. "तो सतरा नंबर दिसला नाही ते? टाळकं, गवत, मांडी? ते काय?"

"ते माझ्याकडे नाही."

"मग कुणाकडे आहे?" फादर वाव्रांनी अगदी निरागसपणे विचारले.

"तुम्ही टेपकडे बघा, फादर." आल्विनने घाम पुसला. "आता नियम. जागा सोडली कुणी? शुक्रवारी मैदानाच्या कडेला माझी जागा म्हणजे डोकं थंड ठेवून कोपराला हात लावणं, एवढीच. ती मी सोडली. नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या शुक्रवारी कोल्बी खेळेल. मी बसेन. बाकावर नाही, लोकांत, वर. ड्वेन, खुणा तू कर."

ड्वेनच्या हातातला कोलाचा खाली पडला.

"आणि खांद्याची खूण आजपासून रद्द," आल्विन म्हणाला. त्याने खिशातून लोंबीचे चित्र काढले, कोल्बीजवळ गेला आणि हेल्मेट मागितले.

"हे कशाबद्दल, सर?" कोल्बीने भीत भीत विचारले. "पहाऱ्याबद्दल की नशिबाबद्दल?"

"सांगितलेलं ऐकल्याबद्दल," आल्विन म्हणाला. चिकटवताना त्याचा अंगठा जरा जास्त वेळ तिथे राहिला.

त्या शुक्रवारी लिपनिकच्या लाकडी पायऱ्यांवर, गावाच्या गर्दीत, आल्विन ह्राबिक आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून बसला. एका बाजूला रोझली, दुसऱ्या बाजूला लायल टॅकेट: रापलेला, मितभाषी, स्वच्छ दाढी केलेला. दाढी त्याच सकाळी, सुट्टीचे दुकान मुद्दाम उघडून, आल्विननेच करून दिली होती, आणि टॉवेल अगदी बेताचा गरम ठेवला होता. रोझलीने आपल्या नवऱ्याचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

"सोड ना. कान खाजतोय."

"मी खाजवते. तू खाजवलास तर खाली अकरा पोरं धावत सुटतील."

सामना चालला. चेंडू इकडे गेला, तिकडे गेला. कोल्बीच्या बाजूला एकदाही आला नाही. तो आपले अर्धे धरून उभा होता, प्रत्येक खेळीला, गुडघे वाकवून, जागच्या जागी, जणू कुणी त्याला तिथे पेरले होते. लायल टॅकेट चेंडूमागे मान फिरवत राहिला. मग संकोचून म्हणाला, "मिस्टर ह्राबिक, मला या खेळातलं फारसं कळत नाही. पोरगा बरा खेळतोय का? त्याच्या आजूबाजूला तर काहीच घडत नाहीये."

आल्विन त्याच्याकडे वळला. आयुष्यभर तो हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून थांबला होता.

"म्हणूनच तर," तो म्हणाला. "तो तिथे आहे म्हणून काही घडत नाहीये. तुम्ही रूळ नीट बसवले की गाडीला काय होतं?"

लायलने विचार केला. "काही होत नाही," तो म्हणाला, आणि पुढे वाकून, दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकवून आपल्या मुलाकडे असे बघू लागला, की चेंडू कुठे आहे याच्याशी त्याचे देणेघेणेच उरले नाही.

शेवटची खेळी आली. लिपनिक पुढे होते, पण थोडक्याने. खाली ड्वेन शिमेकने चाचपडत कोपर शोधले. आल्विनचे हात रोझलीच्या हातांत चुळबुळले. तिने एकवार त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि एक हात सोडला. उजवा.

"कर," ती म्हणाली. "इथून कुणाला दिसत नाही."

आल्विनने टोपी काढली.

आणि शेजारी लायल टॅकेटने, आपल्या रीतीप्रमाणे, नुसते डोळे मिटले.

हे कृपानिधे, ज्या हाताने हा माणूस गावाचे केस कापतो, घंटा वाजवतो आणि चोरून तुझे नाव कपाळापासून खांद्यापर्यंत लिहितो, तो हात तू निरोगी ठेव. त्याचा वस्तरा धारदार राहो, त्याची जीभ न भाजो. रोझलीच्या पिठाला फुगारा येवो आणि तिच्या पाठमोऱ्या हसण्याला कधी खंड न पडो. त्यांच्या दारी रविवारी नातवंडे येवोत, शुक्रवारी पाऊस न येवो. त्या घराला छत दुहेरी असो. एक त्यांनी राखलेले, एक तू राखलेले. आणि मधल्या भोकातून जे काही निसटून उसळेल, ते हळूच, अलगद, त्यांच्याच मांडीत पडो.